एक डबा वाती

“काका, पिशवीत काय हाय ओ? हलतंय ते.”

कंडक्टर पोरगी नवी होती. खाकी कपड्यांची इस्त्री अजून मोडली नव्हती, छातीवर ‘वेदिका’ अशी पट्टी. कुवारबावला दादू भायजे गाडीत चढल्यापासून तिचं लक्ष त्याच्या मांडीवरच्या कापडी पिशवीकडे होतं.

“उंदीर आहे. पिंजऱ्यात आहे,” दादू म्हणाला.

पुढच्या बाकावरच्या बाईनं पटकन पाय वर घेतले. वेदिका दोन पावलं मागे सरली आणि मग हसायलाच लागली.

“आणि नेताय कुठं त्याला?”

“पालीच्या अलीकडे, चिंचेच्या थांब्यावर. माझं अर्धं दे, आणि याचं काय असेल ते दे. बत्तीस वर्षं हेच काम केलंय मी. कोंबडीचंसुद्धा तिकीट फाडलंय. फुकट नेणार नाही.”

“मशीनमध्ये उंदीर नाय ओ काका.” तिनं अर्धं तिकीट त्याच्या हातात दिलं. “आणि उंदीर हाय का उंदरीण?”

“ते नाही बघितलं.”

“बघायचंत की,” म्हणत ती पुढे गेली.

दादूनं पिशवीचं तोंड थोडं उघडून आत पाहिलं. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्याच्या शेपटीवर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका चमकत होता. तो दादूनंच लावलेला, आणि तोही काही हौसेनं नव्हे.

झालं होतं असं. घरामागच्या मळ्यात भातकापणी सुरू झाली आणि दरवर्षीप्रमाणे उंदीर माणसांच्या वस्तीला आले. दादूच्या घरी आलेल्यानं पहिल्याच दिवशी टीव्हीच्या रिमोटचं बटण खाल्लं, तेही नेमकं आवाज बंद करायचं. दोन दिवसांनी दादू पेज जेवत होता आणि समोरून त्याचा मोजा चालत गेला. दादूचा घास हातातच राहिला. मोजा फडताळापर्यंत गेला, तिथं अडकला, दोन हिसके बसले आणि आत गेला. दादू इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू ओसरल्यावर त्यानं सवयीनं चुलीच्या बाजूला पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

सावित्रीला, त्याच्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली होती. आश्विनातच गेली. मुलगा विनोद डोंबिवलीला. तो रोज साडेसातला न चुकता फोन करी. जेवलात? जेवलो. गोळी घेतलीत? घेतली. बरं मग. पोरगा वाईट नव्हता, पण दोघांकडे बोलायला काही नव्हतं, हे खरं.

त्या दिवशी दादूनं मोज्याची गोष्ट सांगितली आणि नात सानवीनं फोन हिसकावून घेतला. तिला ती तीनदा ऐकायची होती. तेव्हापासून फोन पंधरा-पंधरा मिनिटं चालायला लागला. “आजोबा, आज उंदरानं काय केलं?” ज्या दिवशी उंदीर काहीच करत नसे त्या दिवशी दादू स्वतःच्या मनानं काहीतरी रचून सांगे. एकदा तर त्यानं उंदराला आरशासमोर मिश्या विंचरायला लावलं होतं.

उंदीर तसा त्याला नकोसा नव्हताच. पण शेजारची सगुणा ऐकेना.

“भावोजी, तुमचा उंदीर माज्या तांदळात शिरला. गोंदाचा पुठ्ठा आणून लावा, नायतर मी औषध घालतंय.”

“औषध नको. घरात जीव मारायचा नाही. हिचा नेम आहे.”

“सावित्रीवहिनींचा नेम? तो कधीच फिटला. लाखवात लावली ना त्यांची देवळात?”

नेम फिटला नव्हता, आणि हे सगळ्या रत्नागिरीत एकट्या दादूला ठाऊक होतं.

सावित्रीनं तो नेम केला होता दादूसाठी. आंबा घाटातनं दादूची गाडी कोल्हापूरला जाई. पावसाळ्यात दरड यायची, धुकं असायचं, आणि गाडीला उशीर झाला की ती पायरीवर येऊन बसायची. ‘यांची नोकरी सुखरूप संपली की लाखवात लावीन,’ असं ती बोलली होती. तो रिटायर झाला त्या दिवसापासून ती वाती वळायला बसली. पाच वर्षं वळत होती. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, दादूशी भांडतानासुद्धा. लाख वाती लावून होईपर्यंत घरात जीव मारायचा नाही, खोटं बोलायचं नाही, असे तिचे तिनंच घातलेले नियम होते. भरलेले डबे देवाच्या फळीखाली रचलेले असत. लाख पुऱ्या झाल्या. कार्तिकात देवळात लावायच्या ठरलं, आणि कार्तिक उजाडायच्या आधीच एका सकाळी ती उठली नाही.

मग तिची बहीण गोदूबाई मंडणगडहून आली आणि तिनं वाती देवळात नेऊन लावल्या. परातीत केवढा तरी जाळ झाला. सगळे हात जोडून उभे होते. दादूनंही जोडले होते. पण निघायच्या आधी त्यानं एक डबा, श्रीखंडाचा, हजारभर वातींचा, गोधडीखाली लपवला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यानं एका तिकिटाची लबाडी केली नाही, त्यानं देवाला हजार वाती कमी दिल्या. पाच वर्षांचं तिच्या बोटांचं काम एका जाळात संपवायचं, हे त्याला जमलंच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो त्या डब्यातली एक वात काढून समईत लावी. काढताना डब्याकडे बघत नसे. हात घालायचा, बोटांना लागेल ती घ्यायची, झाकण लावायचं. किती उरल्या हे त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

तर, औषध नको म्हणून पिंजरा आला. सुक्या बोंबलाचा तुकडा लावल्यावर उंदीर दुसऱ्या दिवशीच सापडला. दादूनं त्याला विहिरीपलीकडे सोडला. संध्याकाळी एक उंदीर पुन्हा फडताळावर हजर! हा तोच की दुसरा, यावरून सगुणाशी वाद झाला. म्हणून मग पुन्हा सापडल्यावर दादूनं सानवीची मे महिन्यात राहिलेली नेलपॉलिशची बाटली शोधली, आणि पिंजऱ्याच्या तारेतनं बाहेर आलेल्या शेपटीवर ठिपका दिला. यावेळी त्याला रेल्वेच्या पुलाखाली नेऊन सोडला. तिसऱ्या दिवशी जांभळी शेपटी घरात!

“एवढं काय ठेवलंय रे तुझं माझ्या घरात?” दादूनं त्याला विचारलं होतं. आणि आज सकाळी तो पुन्हा पिंजऱ्यात अडकल्यावर थेट एसटीनं न्यायचं ठरवलं होतं. इतक्या लांबून चालत येणं शक्य नव्हतं.

चिंचेच्या थांब्यावर उतरून दादूनं रस्त्याकडेच्या दगडी गडग्याशी पिंजरा ठेवला आणि दार वर केलं.

“चला, उतरा. शेवटचा स्टॉप.”

उंदीर बाहेर आला, पण पळाला नाही. गडग्याशी थांबून गाडी आली त्या दिशेला नाक वर करून वास घेत राहिला. मग दगडांत शिरला. दादूला जरा चुटपुट लागली. आता संध्याकाळी सानवीला काय सांगायचं, हाही प्रश्न होताच.

दुपारी घरी येऊन त्यानं झाडायला काढलं. उंदीर गेला, निदान त्याच्या लेंड्या तरी जाऊ देत. देवाची फळी पुसताना त्यानं श्रीखंडाचा डबा उचलला आणि तो हाताला अगदीच हलका लागला. उजेडात नेऊन पाहिलं. मागच्या बाजूला, बुडाशी, कुरतडलेलं भोक. आत दोन वाती होत्या, त्याही अर्ध्या. बाकी डबा रिकामा.

अजून पाव डबा तरी असेल असं दादू धरून चालला होता. दिवाळी, होळी, पुढचा पावसाळा. त्यापुढचं त्यानं मनात येऊ दिलं नव्हतं.

मग तो शोधायला लागला. फडताळ ओढलं, ट्रंक हलवली. तिथं नुसता मोजा मिळाला. दाराच्या मागे खुंटीवर त्याची जुनी कंडक्टरची कातडी बॅग टांगलेली असे, सात वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. बॅगेच्या कोपऱ्यातनं पांढरं काहीतरी डोकावत होतं.

त्यानं बॅग खाली काढली. आत तिकिटांच्या जुन्या कागदाचे कपटे होते, आणि त्यावर सावित्रीच्या वाती. शेकड्यांनी. एकात एक गुंतवून, मऊ करून, वाटीसारख्या गोल लावलेल्या. त्या वातींच्या मधोमध सहा पिल्लं होती. गुलाबी, डोळे मिटलेली, करंगळीच्या पेराएवढी. त्यातलं एक तोंड उघडून कुणाला तरी शोधत होतं.

सामान ओढल्याच्या आवाजानं दारात आलेली सगुणा वाकून पाहू लागली.

“जळ्ळं मेलं! बाळंतीण होती ओ ती भावोजी. म्हणून सारखी परत येत होती.”

“मी तिला पालीला टाकून आलो,” दादू म्हणाला.

“आता काय करणार? आईशिवाय नाय जगायची ती. मागे टाकून द्या, मांजर नेईल. आणि वाती तेवढ्या उचलून घ्या, वहिनींच्या हातच्या ना?”

वाती घेता आल्या असत्या. खालच्या कितीतरी स्वच्छ होत्या. दादूनं हात पुढे केला आणि एक वात हळूच ओढली. तिच्याबरोबर एक पिल्लू उघडं पडलं आणि थरथरलं. त्यानं वात होती तिथं परत सारली, वरून दाबून बसवली, आणि बॅगेचं झाकण लावलं.

अडीचची गाडी कुवारबावला आली तेव्हा दादू खांद्याला कातडी बॅग अडकवून उभा होता. एका म्हाताऱ्यानं चढताना सवयीनं त्याच्याकडेच तिकीट मागितलं. आत वेदिकाच होती.

“काका, परत? आता काय, कुटुंब?”

“हो. तूच म्हणालीस ना, बघायचंत म्हणून,” दादू म्हणाला. त्यानं बॅग उघडून दाखवली. वेदिका हसली नाही. तिनं पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवलं आणि दादूला खिडकीपासून आत, जिथं वारा लागणार नाही, तिथं बसवलं.

चिंचेच्या थांब्यावर गडग्यातल्या दोन दगडांमध्ये एक कोरडी फट होती. दादूनं गुडघे टेकून अख्खं घरटं, कपट्यांसकट, ओंजळीनं उचलून आत ठेवलं. एकही वात मागे ठेवली नाही. सकाळी उरलेला बोंबलाचा तुकडाही फटीशी ठेवला. मग थांब्याच्या ओट्यावर जाऊन बसला आणि गडग्याकडे बघत राहिला.

तासभर गेला. एक सरडा आला, मुंगळे आले. जांभळी शेपटी कुठं दिसेना. दादूला वाटलं, दगडात शिरून आतूनच आली असेल. मग वाटलं, नसेल. सावित्री पायरीवर अशीच बसत असेल, हे त्याला इतक्या वर्षांत प्रथमच नीट कळलं. घाटातनं आल्यावर तो नुसता म्हणायचा, “काय गो, झोपायचं सोडून बसलीस कशाला?”

परतीची गाडी वळणावर दिसली. आपण इथं बसलो आहोत तोवर उंदरीण काही येणार नाही, हे दादूच्या लक्षात आलं. तो उठला, हात केला आणि गाडीत चढला. मागे वळून बघावंसं फार वाटत होतं, पण त्यानं बघितलं नाही.

घरी दिवेलागण झाली. डब्यातल्या त्या दोन अर्ध्या वाती त्यानं हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. सगुणाकडून थोडा कापूस मागून आणला. सावित्री बसायची तिथं, चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून बसला. बोटांना चिमूटभर राख लावली, जशी ती लावायची. कापूस पिंजला, तळहातावर धरला आणि वळला. वात कसली, विडीच झाली. एका टोकाला जाड, मध्येच बारीक. ती उलगडून पुन्हा वळली. मग तिसऱ्यांदा. तशीच समईत लावली. जरा धूर झाला, तडतडली, आणि लागली.

साडेसातला फोन वाजला.

“आजोबा, आज उंदरानं काय केलं?”

काहीतरी रचून सांगता आलं असतं.

“गेला बाळा. लांब सोडून आलो.”

“मग आता परत नाही येणार?”

“नाही.”

“शी!” सानवी म्हणाली. फोन विनोदकडे गेला. जेवलात? जेवतो आता. गोळी घेतलीत? घेतो. बरं मग.

दादूनं फोन बाजूला ठेवला. देवाला हजार वाती देणं होतं, आणि त्याच्या हातची एक लागली होती. त्यानं पुन्हा बोटांना राख लावली आणि कापूस घेतला. ही वात पहिलीपेक्षा थोडी सरळ आली. श्रीखंडाचा डबा पुसून त्यानं ती आत टाकली आणि डबा फळीवर होता तिथं ठेवला. मागचं भोक त्यानं बुजवलं नाही.