पदरानं पुसलेलं चित्र

मी पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात आईनं चित्र पुसलं.

खरंच पुसलं! पदराचं टोक बोटांना गुंडाळून, भिंतीवर टांगलेल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यावरून, घरी रेडिओवरून फिरवते तसा हात फिरवला. मी परत आले तेव्हा ती पदर झटकत होती आणि चेहऱ्यावर काम आटोपल्याचं समाधान होतं.

"किती वं राख इथंही," ती म्हणाली. "एवढी मोठी माणसं येऊन राहिली, पण कोणी कपडा मारत नाही."

"आई! ते चित्र आहे वं!"

"मंग चित्रच पुसलं ना. भिंत कुठं पुसली?"

कोळशानं घासून केलेलं चित्र होतं ते. अजून काच बसायची होती. खालचा काळा कुट्ट कोपरा गेला होता आणि तिथे चार बोटांचा फिकट पट्टा उमटला होता. आईचा पदर मोरपंखी, त्याच्या टोकाला काळं.

"पदर खोच," मी कुजबुजले. "आत खोच आणि कोणाला काही सांगू नको."

"काहून? काय झालं?"

मी सांगितलं. तिनं पदर खोचला.

दोष तिचा म्हणू कसा? आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. बाबा तिथे बॉयलरवर आहेत. केंद्राच्या धुराड्यांची राख सगळ्यांच्या घरी सारखीच पडते. आमच्याकडे ताटं पालथी ठेवतात आणि वाढायच्या आधी पुसतात. पाहुणा आला की तोच आधी दिवाण पुसतो, मग बसतो. वाळत घातलेली चादर कोणाचीही असो, जाता-येता दोन हात मारून झटकून द्यायची. असं केलं नाही तर बायका म्हणतात, फार शहाणी झाली. म्हणजे आईनं देवराव सरांवर उपकारच केला होता. पण हे सरांना कोण सांगणार?

देवराव सर म्हणजे ज्यांची चित्रं होती ते. शहरात धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शोभाताई दर रविवारी आम्हा मुलांना तिथे जमवतात. आधी चित्रं बघायची, मग पडदे ओढून प्रोजेक्टरवर छोट्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्मा. ("कार्टून म्हणायचं नाही," हे ताईंचं पहिलं वाक्य.) आणि नंतर एकानं उभं राहून एका चित्रावर बोलायचं. दिवाळीपर्यंत मी हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. आता ताई म्हणतात, प्रेमलताला थांबवायला घंटा आणावी लागेल!

आज बोलायची पाळी माझी होती, आणि तेही सरांच्या समोर. चित्र मीच निवडलं होतं. हेच! माणूस नाही, झाड नाही, नुसता करडेपणा वरून खाली दाटत जाणारा. माझं सगळं भाषण त्या खालच्या कोपऱ्यावर उभं होतं: "वर मोकळं आहे, पण खाली येता येता काळं इतकं दाट होतं की तिथे नजर रुतून बसते." आरशासमोर म्हणून म्हणून पाठ केलं होतं. आता नजर रुतणार कशात?

आणि आईला मीच ओढून आणलं होतं. बाबा म्हणाले होते, "चित्रं तं कॅलेंडरावर बी असतात. त्यासाठी धंतोलीले कायले जाता वं?" आमच्याकडून धंतोलीला माणूस फक्त डॉक्टरकडे जातो. आईनं हॉलमधल्या बाकावर बसून मला विचारलंही होतं, "आपला नंबर केव्हा लागते वं?" पण ती आली होती. मी बोलते कशी ते ऐकायला. आणि आईचं मला माहीत आहे. एकदा भिशीत तिच्या गाण्यावर कोणी हसलं, तेव्हापासून ती देवापुढेसुद्धा गात नाही. इथे सगळ्यांसमोर तिला कोणी बोललं, तर ती परत कधीच कुठे यायची नाही.

पडदे ओढले. मला वाटलं, दिवे लागूच नयेत.

फिल्म कोळशाच्या रेघांची होती. एक घर हळूहळू वितळलं आणि त्याचा घोडा झाला. घोडा पळाला, आणि जिथून पळाला तिथे मळकट डाग राहिला. पुढे तो जाईल तिथे मागे तसाच डाग. पोरं खिदळत होती. ताई अंधारातून म्हणाल्या, "कागद एकच आहे बरं. काढायचं, फोटो घ्यायचा, पुसायचं, पुन्हा काढायचं. पुसलेलं पुरतं जात नाही, ते बघा."

पुसायचं! हा शब्द ऐकून आईनं माझं मनगट धरलं.

दिवे लागले. माझं नाव पुकारलं. देवराव सर पहिल्या रांगेत बसले होते, बुटके, कपाळाला आठ्या, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

"वर मोकळं आहे," मी सुरू केलं. आवाज नीट निघाला, माझा मलाच आधार वाटला. "पण खाली येता येता..."

सगळे खाली बघायला लागले. पट्टा असा चमकत होता की जणू मीच बोट दाखवतेय. पाठ केलेलं म्हणून टाकावं? नजर रुतते, धन्यवाद, आणि बसावं? पण तिथे रुतण्यासारखं काही नाही, हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसत होतं. आणि जे दिसतं तेच बोलायचं, हे मी दिवाळीपासून इथेच शिकले.

"खालचा हा पट्टा सरांचा नाही," मी म्हणाले. "आम्ही आलो तेव्हा तो नव्हता. इथलं काळं कोणीतरी पुसलंय."

शोभाताई उठून चित्राजवळ आल्या. "अरे देवा! कोणी केलं हे?"

"मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि मागून बाक वाजला.

"तिनं नाही. मी पुसलं जी," आई उभी होती. खोचलेला पदर तिनं स्वतःच बाहेर काढला. "मले राख बसली वाटली."

कोणीतरी फिस्सकन हसलं. देवराव सर उठले. बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात खर्रा. म्हणून आधी खिडकीशी गेले, थुंकले, रुमालानं ओठ पुसले. मला घोडा आठवत होता. मी घाईघाईनं म्हटलं, "सर, त्या फिल्ममध्येही पुसलेलंच..."

"पोरी, त्या फिल्मवाल्यानं पुसलं ते त्याचं होतं," सर म्हणाले. "हे पुसणं माझं नाही. अख्खा उन्हाळा घासून राहिलो होतो मी तो कोपरा."

खरंच होतं ते.

ते आईकडे वळले. "कुठच्या तुम्ही, बाई?"

"कोराडीची जी. आमच्याकडे सगळ्यावरच बसते. मंग हात आपोआपच जाते."

सर चित्रापुढे उभे राहिले. खिशातून कोळसा काढला, कोपऱ्याजवळ नेला, आणि हात थांबला. "आता भरलं तं ठिगळ दिसन," ते स्वतःशीच पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "बाई, या दुसऱ्या कोपऱ्याचं बी पुसा. तसंच. त्याच हातानं."

आई दोन पावलं मागे सरली. "नाही जी."

"मी म्हणून राहिलो ना."

"तेव्हा मले ते राख वाटली होती. आता चित्र आहे हे माहीत आहे. आता नाही पुसल्या जात माझ्याच्यानं."

कोणी हसलं नाही. सरांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, कोळसा खिशात टाकला, चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवलं. रागावले का ते? मला अजून कळलेलं नाही. जाताना त्यांनी आईला एवढंच विचारलं, "पदराचं निघते का ते काळं?"

"निघते जी. आमच्याकडे तेच तं काम."

कोराडीच्या बसमध्ये ती खिडकीकडे बघत होती. मी काहीबाही बोलत होते: भाषण अर्धंच झालं, ताई पुन्हा संधी देतील, घोडा किती छान होता. झालं, मला वाटलं, हिचं गाणं गेलं तसं हेही गेलं. वाटेत दोन जागा मोकळ्या झाल्या. उठलेल्यांच्या कपड्यांची राख सीटवर राहिली होती. आईनं सवयीनं पदर उचलला आणि तसाच धरून उभी राहिली.

"पुस वं आई," मी म्हटलं. "सीट आहे ती."

"नक्की?"

"नक्की."

तिनं आधी माझी जागा पुसली, मग तिची. बसली. पदराचं काळं टोक बोटांत फिरवत म्हणाली, "पुढच्या रविवारी मी हात मांगं बांधून येईन."