विनोदांची राखण

आपले विनोद कोणीतरी चोरणार, अशी विनोदवीराला धास्ती होती. पहिला संशय मेहुण्यावर होता, कारण तो कार्यक्रमात हसण्याऐवजी पुटपुटायचा. दुसरा संशय कॉपीराइट कार्यालयातल्या कारकुनावर. म्हणून विनोदांची नोंदणी करताना त्याने बायकोला राखणीला सोबत नेलं.

"याच्यावर डोळा ठेव. पाठ करून विकेल."

कारकून मोठ्याने वाचू लागला, "नवऱ्याला घरात काही शोधायला सांगितलं, की तो..."

"...आधी बायकोला शोधतो," बायको बोलून गेली.

दुसरा विनोदही तिनेच पुरा केला. तिसराही.

"बाई, पाठ केलेत?"

"पाठ कशाला? घरात रोज मीच बोलते."

अर्जातल्या 'लेखकाचं नाव' या रकान्यापाशी कारकुनाचं पेन थांबलं.

"अगं, तुला राखणीला आणलंय!" विनोदवीर पुटपुटला.

"मग? राखतेच आहे," म्हणत तिने पेन मागून घेतलं.