सगळ्यांच्या वतीने

घाबरू नका, माझ्यात आता वाफ नाही. मी कुकर बोलतोय, वैशाखऱ्याजवळच्या वाडीतल्या सावळीचा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी सगळी भावंडं माझ्यासारखीच चकचकीत. खोट होती ती झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. शिटीची वाट तुंबली, तर त्यातला धातू वितळून वाफेला बाहेर सोडतो. आमच्यात तो धातूच चुकीचा भरला होता. मला ते कुठे ठाऊक? मी ऐटीत खोक्यात बसलो.

सावळीच्या बचत गटातल्या बायकांनी मुरबाडच्या बाजारातून आम्हाला एकदमच घेतलं. माझी पहिली शिटी झाली तेव्हा सावळी दचकून दाराबाहेर पळाली आणि तिथूनच हसत सुटली. झाकण उघडून म्हणाली, "वाल एवढ्यात शिजलं?"

लावणीच्या दिवसांत एकदा शेतावरून आल्या आल्या तिने वाल लावले. एक साल शिटीच्या भोकात अडकलं. आत वाफ कोंडत गेली. व्हॉल्व्ह उघडेल म्हणून मी वाट पाहिली. तो उघडला नाही. झाकण छपरावर आपटलं आणि उकळतं पाणी सावळीच्या मानेवर, उजव्या हातावर आलं.

ती दवाखान्यातून परतली तेव्हा तिची बोटं मिटत नव्हती. दुकानदार म्हणाला, "झाकण नीट लावलं नसेल." वाडीही तेच म्हणाली. वाईट हे, की सावळीलाही ते पटलं. "माझंच चुकलं असंल," असं ती नवऱ्याला, सुदामला, सांगायची. मी परसात वाकडा होऊन पडलो होतो.

मग तिची बहीण यमू आटगावहून भेटायला आली. मला पाहून ती थबकलीच.

"बाय, आमच्या आळीतल्या रंजनाचा असाच उडाला. हाच, याच कंपनीचा."

"तिनंबी नीट लावलं नसंल."

"तिनंबी नाय, तूबी नाय? आन् शेणव्यालाबी एका बाईचा उडाला, तिनंबी नाय?"

सावळीने डाव्या हाताने माझं वाकडं झाकण उचलून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजी माझं चुकलं नाय." दवाखान्यात न रडलेली सावळी तेव्हा रडली.

बहिणी मला घेऊन शहापूरला वर्षाताई वकिलांकडे गेल्या. त्यांनी शोध घेतला आणि मी थक्क झालो. कंपनीने आम्हाला केव्हाच परत मागवलं होतं. एका इंग्रजी पेपरात बातमी देऊन ती मोकळी झाली होती. आमच्या वाडीत ती कोण वाचणार?

वर्षाताई म्हणाल्या, "एकेकीने वेगळं लढायला नको. तक्रार सगळ्यांची सारखीच आहे. ग्राहक आयोगाने परवानगी दिली, तर तुम्ही सगळ्यांच्या वतीने दाद मागू शकता."

"सगळ्या म्हंजी कोन?"

"ज्यांनी ज्यांनी हा कुकर घेतला, ते सगळे. ज्यांना यातलं काही माहीत नाही, तेसुद्धा."

"ज्यांना मी बघलंबी नाय?"

"तेसुद्धा."

मी तर एका घराचा वरणभात शिजवायला जन्मलेलं भांडं. न पाहिलेल्या माणसासाठीही कुणी उभं राहू शकतं, हे मला नवीन होतं.

परवानगी मिळाली. ठाण्याला सुनावणीच्या दिवशी सावळीने मला जुन्या लुगड्यात बांधून नेलं. बाहेरच्या बाकांवर बायका पिशव्या सोडू लागल्या, आणि एकेका पिशवीतून माझी भावंडं निघाली. कुणाची मूठ तुटलेली, कुणाचं झाकण पिळवटलेलं. कारखान्यातून गावोगाव पांगलेले आम्ही तिथेच भेटलो. बायकाही एकमेकींचे भाजलेले हात पाहत होत्या. मग त्या सरकून जवळ बसल्या.

पुढे कंपनीचा माणूस थेट घरी आला. "ताई, पैसे घ्या, तुमचं आत्ताच मिटवून टाकतो. फक्त तक्रार मागे घ्या."

सुदाम तिच्या हाताकडे बघत म्हणाला, "घे गो. हातावर इलाज तरी व्हईल."

सावळीने त्या माणसाला विचारलं, "आन् ज्या बाया अजून हाच कुकर लावतात, त्यांचं?"

"त्यांचं नंतर बघू."

"मंग माझंबी नंतरच बघा."

वाफेचा जोर मी जन्मभर पाहिला होता. हा जोर निराळाच होता. सुदामने त्या माणसाला पाणी दिलं आणि रस्त्यापर्यंत सोडून आला.

प्रयोगशाळेत माझा व्हॉल्व्ह कापून तपासला गेला. बराच काळ गेला, पण निकाल लागला. भाजलेल्यांना इलाजाची आणि बुडालेल्या कामाची भरपाई, प्रत्येक कुकराची किंमत परत, आणि कंपनीने बाजारोबाजारी मराठीत सांगून आम्हाला गोळा करायचं.

आज मुरबाडच्या बाजारात कुकर गोळा करणारी कंपनीची गाडी आली. रांगेत सावळीच्या पुढे बाळी नावाची एक म्हातारी होती, लांबच्या पाड्यावरची. तिच्या कुकराला सकाळच्या भाताचा वास होता.

"कशाला परत घेतात गो? माझा चांगला चाललाय."

"आतून खराब हाये, आजी. उडतो."

"तुला काय ठावं?"

सावळीने हात पुढे केला. बाळीने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "मी नातीला मांडीवर घेऊन रांधते." खटल्याचं सावळीने तिला काहीच सांगितलं नाही. माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला गाडीत ठेवलं.

आता आम्ही भट्टीत जाऊ. जाता जाता एवढंच सांगतो. घरातली एखादी वस्तू अशी अंगावर उलटली, तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. आधी शेजारणीला विचारा, तिच्याकडेही असंच झालं का.

माझ्या शेजारी बाळीचा कुकर आहे, अजून कोमट. त्याचं झाकण कधी उडालं नाही. आता उडणारही नाही.