तुंगाक्कांचा दोरा

जवळ सरका गं सगळ्या. बुवांचा घसा बसलाय, कीर्तन उशिरा उभं राहील. तोवर एक गोष्ट सांगते. दमलेय, हळूहळू सांगेन.

येलहंक्यात आमच्या शेजारी गुंडूराव अण्णा राहतात. त्यांची बायको तुंगाक्का इस्पितळात निघाल्या, तेव्हा रिक्षा थांबवून गोठ्यात गेल्या आणि आई मेलेल्या गौरा वासराच्या पुढच्या पायात, गुडघ्याखाली, दृष्टीचा काळा दोरा बांधला. अण्णांना म्हणाल्या, "मी येईपर्यंत सोडायचा नाही हं."

त्या आल्या नाहीत. गौरा वाढली, दोरा तेवढाच राहिला. केसांत बुडाला, कातडीत रुतला. मागच्या महिन्यात ती पाय टेकवेना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टर राजलक्ष्मी आल्या.

"इथं मांस नसतंच," जखम धुताना त्या म्हणाल्या. "कातडीखाली हे पांढरे दोर. वरचं मांस ओढतं, ते ओढणं हा दोर हाडापर्यंत नेतो. हा तुटला की मांस कितीही ओढो, पाय हलायचा नाही. थोडा कुरतडलाय. काळा दोरा आत्ताच कापायला हवा."

अण्णा आडवे उभे राहिले. "ती येईपर्यंत सोडायचा नाही म्हणालीय."

"अण्णा," मी चिडले, "कीर्तनात घोरता, आणि दोऱ्यापाशी बरे जागे असता! गाय कायमची लंगडी झाली तर अक्का तुम्हाला माफ करतील?"

ते गौरेच्या गळ्याखालची पोळी खाजवत राहिले. तिनं त्यांचा हात चाटला. मग म्हणाले, "सरी, बरं. तू काप, हेमलता. तिनं मला बजावलं होतं, तुला नाही."

डॉक्टरांनी सुन्न करणारं इंजेक्शन दिलं, चिमट्यानं दोरा उचलून धरला, कात्री माझ्या हाती दिली. विठ्ठल विठ्ठल म्हणत मी कापला. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

पांढरा दोर शाबूत निघाला, थोडा पिंजलेला. त्याला रक्त स्वल्पच मिळतं, म्हणून भरायला महिने लागतील म्हणे. कामट्या बांधल्यात. रोज सकाळी अण्णा पाय धरतात, मी पट्टी बदलते. वाकून वाकून माझी कंबर धरते, पण काल गौरेनं तो पाय क्षणभर टेकवला. अण्णा गोठ्यातच बसून रडले.

टाळ वाजले बघा, उठा. आरतीला हात जोडाल तेव्हा तुंगाक्कांची आठवण ठेवा. जाता जाता पोरक्या वासराची काळजी केली होती हो त्यांनी.