दर संध्याकाळी एक दिवस

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. राखीव सैनिक म्हणून बोलावणं आलं तेव्हा तो एका इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून तारा तपासत होता. ग्रीसने माखलेल्या हातानेच त्याने ताईला फोन केला आणि सांगितलं, "वर अडकलो होतो, आता उतरवताहेत. कुठे ते विचारू नकोस."

तिकडे गेल्यावर तो रोज लिहू लागला आणि त्याचं लिखाण ताई इंटरनेटवरच्या पानावर टाकू लागली. लढाईबद्दल त्यात अवाक्षर नसे. तशी परवानगी नव्हती आणि त्याला हौसही नव्हती. बूट कुठे चावतात, वाळत घातलेले मोजे कोण ढापतं, मिळतो त्याला चहा का म्हणायचं, असं काहीबाही असे. नावं लिहायला मनाई होती, म्हणून माणसं त्यांच्या धंद्यावरून ओळखायची. एक मास्तर होते, एक प्लंबर होता आणि एक बेकरीवाला.

बेकरीवाला वाचकांचा लाडका होता. घरच्या सवयीने तो सगळ्यांच्या आधी उठायचा. मळायला कणीक नाही, हात तर स्वस्थ बसत नाहीत, म्हणून सगळ्यांचे बूट पुसून ओळीने लावून ठेवायचा. "अशी सून आली असती तर आई सुखावली असती," असं मास्तर म्हणाल्याचं धाकट्याने लिहिलं, तेव्हा बेकरीवाल्याच्या आईने पानावर उत्तर टाकलं होतं, 'घरी स्वतःचे बूट कधी पुसले नाहीत मेल्याने.'

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ही आई तिच्याकडेच चष्मा करायला आली होती. "बारीक अक्षर दिसलं पाहिजे. माझा मुलगा त्यात असतो," असं म्हणाली तेव्हा ताईने तिला ओळखलं. त्या दिवसापासून ती मावशी झाली.

छावणीत फोनला रेंज नव्हती. शिधा आणायला ट्रक तळावर जाई, तेव्हा ड्रायव्हर सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून नेई. तळाजवळ रेंज आली की अडकलेले निरोप आपोआप सुटत. त्यामुळे ताईला चार-पाच दिवसांचं लिखाण एकदम मिळे. सुरुवातीला ती सगळं एकदम टाकून मोकळी व्हायची. मग पुढचे दिवस पान कोरं राही आणि लोकांच्या आया, बायका घाबऱ्याघुबऱ्या होऊन तिला फोन करत. काही कळलं का? सगळे बरे आहेत ना? गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता ती उत्तरं देई. शेवटी तिने युक्ती काढली. आलेलं लिखाण राखून ठेवायचं आणि दर संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एकच दिवस टाकायचा. फोन थांबले. लोक वाचून झोपू लागले.

धाकट्याला कळलं तेव्हा त्याने हसून निरोप धाडला, "शिळं वाढतेस होय गं लोकांना?"

"गरम करून वाढते," ताईने उलट कळवलं. "तू लिहायचं काम कर."

दुसऱ्या कुणाला तिने हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

त्या दुपारी ती एका काचेची कड घासत होती. धाकट्याचा फोन आला.

"तू फोनवर कसा?"

"तळावर आलोय. ताई, बेकरीवाला गेला. काल सकाळी. पाण्याच्या गाडीवर होता, गाडीच उडवली. त्याला घेऊन आलोय." त्याचा आवाज सपाट होता, एखाद्या लिफ्टचा बिघाड सांगावा तसा. "त्याच्या घरी आज अधिकारी जाणार होते, एव्हाना गेले असतील. तू पुढचं काही टाकू नकोस. त्यात तो आहे."

ताईने यंत्र बंद केलं. "काल संध्याकाळी टाकलं मी एक."

"कुठलं?"

"पत्र्याच्या डब्यात त्याने पाव भाजला, ते."

"त्यात मी 'आज संध्याकाळी' असं लिहिलंय," धाकटा म्हणाला.

"हो."

तासाभरात बेकरीवाल्याचे मामा दुकानात आले. चपला पायात उलटसुलट होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "तुम्ही दोघा भावंडांनी काय घोळ घालून ठेवलाय! सकाळी दोन अधिकारी आले, काल सकाळी गेला म्हणाले. त्याची आई म्हणते, काल संध्याकाळी तर तो पाव भाजत होता, दुसऱ्या कुणाचा मुलगा असेल, नीट चौकशी करा. त्यांना चहा पाजून बाहेर काढलं हिने. तो तिकडे पेटीत आहे आणि ही घरात आणू देत नाही. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार सताड उघडं होतं. मावशी खिडकीशी बसली होती, चष्मा लावून, फोन हातात घेऊन. ताईला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"आलीस! बरं झालं. ये, सांग याला. सकाळपासून तोंड पाडून बसलाय." तिने फोन पुढे केला. "हे तुझ्या भावानेच लिहिलंय ना?"

"हो."

"तो खोटं लिहितो?"

"नाही मावशी."

"मग झालं तर!" ती मामांकडे वळली. "ऐकलंस?"

ताई खुर्चीवर न बसता खाली तिच्या पायांशी बसली. येताना वाटेत तिने चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"खरंच आहे ते. पण कालचं नाही. चार-पाच दिवसांपूर्वीचं आहे. तिकडून सगळं एकदम येतं. मी रोज एकेक टाकते."

"का?"

"तुम्हाला रोज काहीतरी मिळावं म्हणून."

मावशीने फोन मांडीवर ठेवला. हिशेब जुळत नसावा तशी कपाळाला आठ्या घालून बसून राहिली.

"त्याची दाढ दुखतेय असं वाचलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही."

"हो, तुम्ही दुकानात आला होतात."

"तेव्हा ती दुखायची थांबली होती?"

"थांबली होती."

"आणि काल मी हे वाचून हसले. याला फोन करून वाचून दाखवलं." मामांनी मान खाली घातली. "तेव्हा तो नव्हता."

"नव्हता."

खालून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. मामांनी उठून खिडकी लावली.

"तुझ्याकडे अजून आहेत?" मावशीने विचारलं.

"तीन."

"वाच."

"मावशी, आत्ता नको…"

"आत्ताच. पुन्हा राखून ठेवायचं नाही काही."

ताई वाचू लागली. पहिल्या दिवशी पाऊस होता आणि प्लंबरला तंबूचं गळकं छप्पर बुजवता आलं नाही, म्हणून बेकरीवाल्याने त्याची चिक्कार टर उडवली होती. मावशी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला दिवसभर झोपला होता, तापासारखं वाटत होतं, पण ताप नव्हता. "अंगावर दुखणं काढतो तो," मावशी मध्येच म्हणाली, "विचारलं की नाही म्हणतो." तिसरा दिवस लहानसा होता. शिध्यात साबण आला नव्हता. मास्तरांनी घरी पत्र लिहिलं. खाली शेवटची ओळ होती: उद्या पाण्याच्या गाडीवर बेकरीवाल्याची पाळी, म्हणजे बूट आपापले पुसावे लागणार.

"पुढे?"

"एवढंच आहे, मावशी. पुढे काही नाही."

मावशीने चष्मा काढला. काचा पुसल्या, मिटून डबीत ठेवला.

"दादा," ती मामांना म्हणाली, "त्यांना फोन कर. आणा म्हणावं त्याला."

मामा खिसे चाचपू लागले. अधिकाऱ्यांनी दिलेला नंबर कुठे ठेवला ते त्यांना आठवेना. वरचा खिसा पाहिला, मग खालचे, मग टेबलावरची वर्तमानपत्रं उचलून पाहिली.

मावशीने त्यांच्याकडे न बघताच नंबर सांगितला. एकही आकडा न अडखळता. मामांनी एक आकडा चुकीचा दाबला, म्हणून तिने नंबर पुन्हा एकदा सांगितला, सावकाश.