चौरागडावरून उडालेला त्रिशूळ

मी एक जुना त्रिशूळ आहे, मित्रांनो. माझ्या जातीचे हजारो त्रिशूळ पचमढीजवळच्या चौरागडाच्या माथ्यावर महादेवापाशी उभे आहेत. त्यांच्यातला एकही कधी आभाळात उडालेला नाही. मी उडालो. आणि त्यांच्यातला एकही वाटेत अडकून पडलेला नाही. मी पडलो. कसा, ते सांगतो. कोणाला झोंबलं तर झोंबू दे. लोखंडाला गोड बोलता येत नाही.

मी आधी धाव होतो. धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी. रामाकोना गावच्या देवकाबाई नवरी होऊन ज्या गाडीतून सासरी आल्या, त्या गाडीची धाव मी. पुढे त्यांचा नवरा वारला, बैल गेले, गाडी गोठ्याला टेकून राहिली. मी गंजत पडलो होतो.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात देवकाबाईंचा एकुलता एक मुलगा दत्तात्रय मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला. बाहेर शाळेची मुलं झेंडे घेऊन फिरत होती, मिठाई वाटली जात होती, आणि आत ही बाई पोराच्या उशाशी बसून होती. वैद्यानं मान हलवली तेव्हा तिनं पदर पसरला नाही. सरळ वर पाहून महादेवाला सुनावलं.

"माहा लेक उठू दे. सोताच्या खांद्यावर त्रिशूळ अन् सोताच्या पायानं तो तुह्या चौरागडावर येईन. दुसऱ्या कोणाचा खांदा चालणार नाही. माहाही नाही."

दत्तात्रय उठला. तो पेज पिऊ लागताच देवकाबाईंनी मला चाकावरून उतरवलं आणि मोहगावच्या दादाजी लोहाराकडे नेलं.

दादाजी म्हणाला, "बाई, बाजारात नवं लोखंड भेटते. हे जुनं काऊन?"

"यानं आमच्या घरची सारी वाट तुडवली आहे," देवकाबाई म्हणाल्या. "याले चालणं शिकवा लागत नाही."

भात्यानं मला लाल केलं, घणानं सरळ केलं. धाव चाकाला ठोकायच्या खिळ्याचं एक भोक माझ्या डाव्या पात्यात तसंच राहिलं. दादाजी ते बुजवणार होता. देवकाबाई म्हणाल्या, "राहू द्या. उद्या हरवला तर ओळखू तर येईन."

नवसाचा त्रिशूळ जमिनीला टेकवायचा नसतो. म्हणून त्यांनी मला घरात ज्वारीच्या टोपल्यात उभं केलं. दर सोमवारी तेलाचा हात फिरवायच्या. मित्रांनो, त्या काळी माझा मान राजासारखा होता. फक्त राजाला वरातीची वाट पाहावी लागत होती.

शिवरात्र जवळ आली की वऱ्हाडचे, नागपूरकडचे भगत त्रिशूळ घेऊन गावावरून जायचे. "हर हर महादेव" ऐकलं की माझी पाती शिवशिवायची. आणि दत्तात्रय म्हणायचा, "औंदा परीक्षा आहे, आई." मग, "औंदा नवी बायको घरात आहे." मग, "औंदा कापूस घरात यायचा आहे." देवकाबाई म्हणायच्या, "ताप आला तवा नाही म्हटलं बाप्पा, का औंदा नको, पुढच्या वर्षी ये."

मग प्रांतांच्या वाटणीचे दिवस आले. दत्तात्रय तेव्हा पुढारी झाला होता. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख नागपूरसोबतच राहिला पाहिजे, असं तो सभांतून ओरडून सांगायचा. घसा बसायचा, देवकाबाई आल्याचा काढा द्यायच्या. शेवटी नकाशावर रेघ ओढली गेली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो. ज्या बायकांचं माहेर नागपूरकडे होतं त्या रडल्या. दत्तात्रयनं महिनाभर एकही सभा घेतली नाही. मग नव्या राजधानीला, भोपाळला जाऊन रस्त्याचा ठेका घेऊन आला.

देवकाबाईंनी त्याला ताट वाढताना एवढंच म्हटलं, "सकाळी एका देवाले नारळ, संध्याकाळी दुसऱ्याले. जेव."

पुढल्या दोन वर्षांत देवकाबाईंचे गुडघे गेले. भिंत धरून चालू लागल्या. एका माघात त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"दत्तू, मी आता पिकलं पान. तुह्या जिवाचा बोल माह्या गळ्यात अडकला आहे. तो सोडव, मग मले सोडजो."

त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. दत्तात्रयनंही पाहिलं. शिवरात्रीला तो मला घेऊन निघाला. पण खांद्यावर नव्हे, जीपमध्ये. सोबत मित्र नत्थूजी होता. पांढुर्ण्याच्या नदीपलीकडे सावरगावला त्याची संत्र्याची बाग होती.

पचमढीच्या मैदानावर एक हेलिकॉप्टर उभं होतं. डोकं काचेच्या फुग्यासारखं, शेपूट नाकतोड्यासारखी. जंगलाची पाहणी करायला आलेल्या कुठल्याशा कंपनीचं ते होतं, आणि यात्रेच्या गर्दीत हौशी लोकांना डोंगरावरून चक्कर मारून आणत होतं. दत्तात्रयनं आधी चौरागडाची उभी चढण पाहिली, घामानं निथळणारे भगत पाहिले. मग हेलिकॉप्टर पाहिलं.

"नत्थूजी, देवाले जाणं महत्त्वाचं. कसं जाणं, ते काय!"

पायलट मला पाहून म्हणाला, "ये भाला अंदर नहीं आएगा." मग मला दोरीनं बाहेर, हेलिकॉप्टरच्या लोखंडी पायाला बांधलं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी हरखलो! वाटलं, देवानं आपल्यालाच न्यायला हे पाठवलं. जमीन सुटली. साल-सागाची जंगलं गोधडीसारखी खाली पसरली, दऱ्या निळ्या दिसू लागल्या. आणि मग चौरागडाचा माथा आला. वर माझे सगळे भाऊबंद. उन्हात सारा माथा चकाकत होता. त्यांच्यात मला एक फट दिसली, माझ्याच मापाची. मी म्हटलं, आता उतरू.

आम्ही उतरलो नाही. एक घिरटी घातली. दत्तात्रयनं काचेतून हात जोडले, "झालं बुवा दर्शन!" आणि पायलटला विचारलं, "याले इथूनच टाकता येईन का?"

"नीचे आदमी हैं, बाबूजी. किसी का सिर फूटेगा."

मग मला तसंच बांधलेलं परत आणलं. डोंगर मागे मागे गेला. माझ्या मापाची ती फट तशीच रिकामी राहिली.

परतताना एका चहाच्या टपरीवर दत्तात्रयनं चुलीतली चिमूटभर राख कागदात बांधली. घरी गेल्यावर आईला दिली. "घे, चौरागडचा अंगारा. त्रिशूळ वर उभा केला." मी ते बोलणं ऐकलं नाही, मला आधीच नत्थूजीच्या बागेत उतरवलं होतं. पुढे सगळ्यांसमोर ते उघड झालं तेव्हा ऐकलं. बागेत संत्र्यांनी वाकलेल्या फांदीला टेकू हवा होता. मला चिखलात रोवलं आणि फांदी माझ्या पात्यांत बसवली.

दिवाळीनंतर नत्थूजीच्या नातवाचं बारसं होतं. देवकाबाई दत्तात्रयसोबत सुनेला, विजयमालेला घेऊन आल्या. बायका बागेत सावलीला बसल्या. देवकाबाईंची नजर माझ्यावर पडली. त्या भिंतीशिवाय चालत आल्या आणि माझ्या डाव्या पात्यातल्या भोकात त्यांनी करंगळी घातली.

"दत्तू! इकडं ये. महादेव केव्हापासून संत्री विकून राहिले बाप्पा?"

नत्थूजी पुढे आला. "काकू, तसाच दिसणारा दुसरा असन..."

"नत्थूजी, संत्र्याले टेकू द्या. खोट्याले देऊ नका."

दत्तात्रयची मान खाली गेली, तरी तोंड चालूच होतं. "आई, मी गेलो होतो वं. हेलिकॉप्टरातून सारा डोंगर पाहिला. पायानं जाणाऱ्याले इतका दिसत नाही."

"तुले महादेव पाहाले धाडला होता का? महादेवानं तुले पाहावं म्हणून धाडला होता. वरून उडणाऱ्याचं त्याले नुसतं पोट दिसलं असन." मग त्यांचा आवाज उतरला. "अन् तो अंगारा? मी रोज कपाळाले लावून राहिली. कोठचा होता तो?"

दत्तात्रयनं नत्थूजीकडे पाहिलं. नत्थूजीच पुटपुटला, "चहावाल्याच्या चुलीतला, काकू."

देवकाबाईंनी पदर घेतला आणि कपाळ पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं. कातडी लाल होईपर्यंत पुसलं. त्यांना ओरडताना मी पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत.

मला उपटून त्यांनी स्वतः धुतलं. दुसऱ्या दिवशी विजयमालेला घेऊन त्या जुन्नरदेवला निघाल्या. महादेवाच्या वाटेची पहिली पायरी तिथं आहे. गाडीत लोक म्हणत, "आजी, तो भाला खाली ठेव नं." त्या म्हणत, "तुमच्या मांडीवर ठेवू का?" पायरीशी पोचल्यावर गुडघ्यांनी साफ नकार दिला.

विजयमाला म्हणाली, "आत्याबाई, मी नेतो वर. माह्या पायात ताकद आहे."

"माहीत आहे. पण नवसात बोलला तो खांदा एकच."

त्यांनी मला तिथल्या वडाच्या बेचक्यात ठेवलं, जमिनीपासून वर. पुजाऱ्याला सांगितलं, "याले कोणी नेऊ नका. याचा खांदा येणार आहे." पुढच्या उन्हाळ्यात देवकाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी कपाळाला काही लावलं नाही, असं त्यानंतरच्या शिवरात्रीला विजयमाला मला तेल लावताना सांगत होती.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथं आहे. दत्तात्रय एकदा आला होता. जीपमधूनच हात जोडले आणि गेला. भगत येतात, मला खांद्यावर घ्यायला वाकतात. पुजारी त्यांना अडवतो. गंजाचं मला भय नाही, तो तेलानं उतरतो. भय वेगळंच आहे. वडाची साल माझ्या दांड्यावर चढू लागली आहे. झाडानं एकदा मला पोटात घेतलं, की खांदा आला तरी उपयोग नाही.

तुम्ही कोणाला शब्द द्याल तेव्हा आधी आपल्या पायांना विचारून द्या. आणि आईच्या कपाळाला राख लावताना ती कुठली आहे, ते पाहून लावा. एवढंच माझं मागणं. आणखी एक काम करा. रामाकोन्याकडे गेलात आणि दत्तात्रय भेटला, तर त्याला माझा निरोप द्या.

म्हणावं, दत्तू, या वेळी खालून ये.