बर्फाच्या कारखान्यातली पूजा

अमोनियाची नळी कॉम्प्रेसरच्या जोडावर फुटली तेव्हा गुंडप्पाच जवळ होता. त्याने झडप बंद केली, पण तोपर्यंत वायू डोळ्यांत गेला होता. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो आणि डोळ्यांत पाणी असतंच. धुवायला पिंपात जेमतेम दोन तांबे पाणी निघालं. टँकर आला नव्हता.

लातूर जिल्हा नवा होता आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर बाहेरगावाहून यायचा. नियम असा की जखमी कामगार अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कामावर आला नाही, तर कळवायचं. कळवलं तर गुंडप्पाला उपचार आणि भरपाई मिळाली असती, पण नळी बदलून पुन्हा चालू केलेला कॉम्प्रेसर तपासणीपर्यंत बंद राहिला असता. त्या उन्हाळ्यात औशापर्यंत आमचाच बर्फ जायचा. मी बी.एस्सी. असल्यामुळे हजेरी लिहिण्याचं आणि कळवण्याचं काम माझ्याकडे होतं.

मालक चन्नबसप्पा म्हणाले, "मन्मथ, कळवायची गरज न्हाई. त्याला जीप पाठवतो. नुसता बसू दे खुर्चीवर. हजर तो हजर."

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. गुंडप्पाने पट्टी घरीच काढून ठेवली होती. बायको शिवकांता त्याचा दंड धरून चालत होती.

"सोड गं. लगीन लागायलंय का आपलं?" तो म्हणाला.

"दिसतंय का रे?" मालकांनी विचारलं.

"दिसायलंय की, मालक. जरा धुरकट."

शिवकांता खाली बघत राहिली.

"पूजा झाली?"

"कुठली, मालक. तुमचा ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवायलता."

पूजेआधी तो पाणीही पीत नाही, हे मालकांना माहीत होतं. त्यांची स्वतःची पूजाही राहिली होती. त्यांनी ऑफिसात कांबळं अंथरलं. दोघे शेजारी बसले. दोघेही लिंगायत; गळ्यातल्या डब्या उघडून त्यांनी आपापलं इष्टलिंग, रोज पूजायचं छोटं लिंग, डाव्या तळहातावर घेतलं. या पूजेत नजर लिंगावर ठेवायची असते, बाकी फारसं काही नसतं.

गुंडप्पाने भस्म लावलं. ते अंगठ्याच्या मुळाशी लागलं. मग बेलाचं पान ठेवलं. ते हातावरून घसरून मांडीवर पडलं. त्याचा चेहरा भिंतीकडे होता. पापण्या सुजलेल्या, डोळे उघडे. ओठ हलत होते.

मालकांची नजर स्वतःच्या तळहातावरून निघून तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

"पान ठेवलास का, गुंडप्पा?"

"ठेवलं की, मालक."

"कुठं?"

"लिंगावर. आणिक कुठं ठेवतेत?"

शिवकांताने पदर तोंडाला लावला. मालकांनी मांडीवरचं पान उचललं, लिंगावर ठेवलं आणि गुंडप्पाच्या उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवलं. गुंडप्पाचे ओठ थांबले. मग त्याने पूजा पुरी केली. मालकांनीही केली. दोघांनी लिंग डब्यांत ठेवलं.

"मन्मथ, गैरहजर लिही," मालक म्हणाले. "आणि इन्स्पेक्टरला आजच कळव. कॉम्प्रेसर बंद कर."

"मालक, मी आलोय की," गुंडप्पा आवाजाच्या दिशेने वळला. "हितं बसलोय तुमच्याजवळ."

"तुझी नोकरी न्हाई जात. मी हाय."

"आंधळ्याला कोण कामावर ठेवतंय, मालक? हजर लिवा."

मी आत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. आवाज थांबल्यावर बर्फाच्या साच्यांतून पाणी ठिबकताना ऐकू येऊ लागलं. परत आलो तेव्हा गुंडप्पा चाचपडत खुर्चीवर बसला होता, दोन्ही हातांनी ती घट्ट धरून. शिवकांता त्याला उठवत होती आणि तो उठत नव्हता. मी समोर बसून इन्स्पेक्टरला लिहायला घेतलं. इजा या शब्दापुढे लिहिलं : दोन्ही डोळे.